फॉर्मची तपासणी एकदाच लिहा
वेबसाइटवरच्या प्रत्येक फॉर्मसाठी, भरलेली माहिती बरोबर आहे का याची तपासणी नव्यानं लिहू नका. एक नियम म्हणजे एक छोटं फंक्शन: त्याला व्हॅल्यू द्यायची, त्यानं ती चालते की नाही एवढंच सांगायचं. पानावर चूक लाल अक्षरांत दाखवणं त्याच्यात घुसवलंत, तर तेच फंक्शन सर्व्हरवर चालणार नाही. सर्व्हरवर तपासणी हवीच, ब्राउझरमधली कुणीही सहज टाळू शकतो.

मग प्रत्येक फील्डला नियमांची यादी जोडा. ईमेलसाठी 'रिकामा नको', 'कमाल २५४ अक्षरं', 'मध्ये @ हवं' एवढं बहुतेक वेळा पुरतं. पत्ता खरा आहे का, ते पडताळणीचा मेल पाठवूनच कळतं. चुकांचे संदेश नियमांपासून वेगळे ठेवा. आणि फॉर्ममधल्या सगळ्या चुका एकदम परत द्या. माणसाला पुन्हा पुन्हा सबमिट करायला लावणं मला अजिबात पटत नाही.

नावाच्या फील्डला मात्र जपा. रेगेक्समध्ये (मजकूर जुळवून पाहायच्या नमुन्यात) फक्त इंग्रजी अक्षरं ठेवलीत की देवनागरी नाव अडकतं. युनिकोडचा (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीचा) 'अक्षरं' (Letter) हा गट घेतलात तरी काना-मात्रा 'चिन्हं' (Mark) या वेगळ्या गटात असतात, तोही घ्यावा लागतो. त्यापेक्षा दोन्ही टोकांच्या स्पेस काढा, रिकामेपणा आणि लांबी तपासा, बाकी नाव आहे तसं स्वीकारा.