‘हे अक्षर लुकलुकत का नाही?’

“मॅडम, घरी हिला सगळं येतं हो. शाळेत मात्र ढिम्म. हिच्यात काही दोष तर नाही ना?”

खुर्चीत नीट टेकायच्या आधीच आईने हे विचारलं. इरा (नाव बदललं आहे) साडेचार वर्षांची, ज्युनिअर केजीत. न्यू जर्सीच्या मामाने वाढदिवसाला लहान मुलांचा शैक्षणिक व्हिडिओ गेम पाठवलेला. जाड कडांचा, दोन्ही हातांत मावणारा, पेनने टिचकी मारून खेळायचा. आठ महिन्यांत इराने अक्षरांच्या सगळ्या पायऱ्या पार केल्या होत्या. पडद्यावर झळकणाऱ्या ताऱ्यांचे फोटो आईने मला मोबाइलवर दाखवले. आणि शाळेत बाईंनी फळ्यावर काढलेलं एम ओळखता आलं नाही, म्हणून ‘एलडी (लर्निंग डिसअॅबिलिटी, म्हणजे शिकण्यातली अक्षमता) असेल, दाखवून घ्या’ असा निरोप आलेला. आई तीन रात्री झोपली नव्हती.

साडेचार वर्षांच्या मुलीवर असा शिक्का मारू नये. या वयात अक्षरं विसरणं, बी आणि डीची अदलाबदल होणं अगदी नेहमीचं आहे. कानांची आणि डोळ्यांची तपासणी झालेली होती, दोन्ही उत्तम. बोलणं तर इतकं चुरूचुरू की माझ्या टेबलावरच्या प्रत्येक वस्तूची तिने चौकशी केली. मग मी आईला म्हटलं, “तो गेम आणलाय ना? ती खेळू दे. आपण नुसतं बघू.”

गेम अमेरिकन उच्चारात म्हणाला, “फाइंड द लेटर एम.” पडद्यावर चार अक्षरं. इराने पहिल्यावर टिचकी मारली. चूक. दुसऱ्यावर मारली. चूक. मग ती पेन वर धरून शांत बसली. दोन-तीन सेकंदांनी बरोबर अक्षर आपणहून लुकलुकायला लागलं. तिने त्यावर टिचकी मारली, टाळ्या वाजल्या, तारा मिळाला. पुढचं अक्षर आलं, पुन्हा तेच. दहा मिनिटांत तिने एकदाही अक्षराकडे अक्षर म्हणून पाहिलं नाही. ती वाट पाहत होती, लुकलुकण्याची.

मी लाकडी अक्षरांचा डबा काढला, चार अक्षरं मांडली आणि विचारलं, “यातलं एम कुठलं गं?” तिने एकाला बोट लावलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. दुसऱ्याला लावलं, पुन्हा पाहिलं. मग बोट हवेत धरून थांबली आणि वैतागून म्हणाली, “हे लुकलुकत का नाही?”

आईच्या डोळ्यांतून पाणीच आलं. मी तिला सांगितलं, की ही मुलगी मंद नाही, उलट चांगलीच चतुर आहे. दोनदा चुकलं की यंत्र उत्तर देतं, हा नियम कुणी न सांगता तिने शोधून काढला. यंत्राने मागितलं तेवढंच तिने दिलं.

असे गेम नवे नाहीत. लीपफ्रॉग कंपनीचं हातात धरायचं लीपस्टर २००३ साली अमेरिकेत आलं, पुढच्याच वर्षी व्हीटेकचं टीव्हीला जोडायचं व्ही.स्माइल. तेव्हापासून ‘खेळता खेळता शिका’ हे आईबापांना सांगितलं जातंय. मी या यंत्रांच्या विरोधात नाही. मोबाइलपेक्षा ती मला बरी वाटतात, कारण कार्ट्रिजवर (यंत्रात खोचायच्या, गेम साठवलेल्या छोट्या डबीवर) चालणाऱ्या अशा खेळात मधेच जाहिरात येत नाही आणि एक व्हिडिओ संपला की दुसरा आपोआप सुरू होत नाही. पण शेजारी माणूस नसेल, तर त्यातलं शिक्षण पडद्यातच राहतं. २००३ सालीच सिअॅटलच्या भाषा-संशोधक पॅट्रिशिया कूल आणि सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांवर प्रयोग केला होता. मँडरिन, म्हणजे चिनी भाषा बोलणारी व्यक्ती समोर बसून बारा वेळा त्यांच्याशी खेळली, तेव्हा बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखायला लागली. तेच व्हिडिओवर दाखवलं, तर काहीच फरक पडला नाही. साडेचार वर्षांचं मूल पडद्यावरून काही ना काही घेतंच, पण त्यालाही ते बाहेरच्या जगात आणून देणारं कुणीतरी लागतं.

घरी ते माणूस होतं. आजी. फक्त तिला वाटत होतं, “मला कुठे येतं विंग्रजी!” मी म्हटलं, “तेच तर हवंय, आजी. तुम्ही शिका तिच्याकडून.” ठरलं ते इतकंच. गेम दिवसाला वीस मिनिटं, जेवताना अजिबात नाही. (जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली दोन वर्षांपासून पाच वर्षांखालच्या मुलांसाठी बसून पडदा पाहण्याची कमाल मर्यादा एक तास सांगितली आहे, आणि जितकं कमी तितकं चांगलं असंही.) टिचकी मारायच्या आधी इराने आजीला सांगायचं, की कुठलं अक्षर आणि ते कशासारखं दिसतं. मग तेच अक्षर घरात शोधायचं, दुधाच्या पिशवीवर, औषधाच्या खोक्यावर, कणकेच्या वळकटीत. बालशिक्षणात आयुष्य घातलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि मग कोसबाडला पानं, बिया, शंख-शिंपले घेऊन मुलांना शिकवलं, ते मला अशा वेळी हटकून आठवतं.

आई अजून एक महागडा संच मागवणार होती. तो मी रद्द करायला लावला. घरात असलेला नीट वापरा. नसेल, तर त्यासाठी पोटाला चिमटा घेऊ नका, मूल मागे पडणार नाही.

पहिले दोन आठवडे जड गेले. इरा चिडायची, आजीला “तू पटकन का नाही समजत?” म्हणायची. एकदा पेन फेकलं. आईने फोनवर विचारलं, बंदच करून टाकू का? मी म्हटलं, अजून थोडं थांबा.

सहा आठवड्यांनी तिघी आल्या. सगळी अक्षरं येत होती असं नाही, निम्म्याच्या आसपास येत होती. मी तोच लाकडी डबा काढला, चार अक्षरं मांडली आणि एम विचारलं. इराने दोन्ही हात पाठीमागे घेतले.

“थांब हं,” ती म्हणाली, “आधी मला बघू दे.”