मूल गंभीर आजारी असताना आयुष्यात अर्थ आणि कृतज्ञता कुठून आणायची?

तुमची मुलगी सात वर्षांची, मोठा आजार निघालाय, आणि सगळे सांगतायत पॉझिटिव्ह राहा, जे आहे त्याबद्दल आभारी राहा, पण तुम्हाला आतून तसं काहीच वाटत नाही, उलट राग येतो, मग तुमच्यातच काही कमी आहे का असं तुम्ही विचारलंय. नाही हो, काही कमी नाही. राग यायचाच. माझ्या मुलाला एएलएल निघाला, म्हणजे लहान मुलांमध्ये सगळ्यात जास्त आढळणारा रक्ताचा कॅन्सर, तेव्हा एका लांबच्या नातेवाइकांनी मला सांगितलं की देव ज्याला पेलवतं त्यालाच असं दुःख देतो. मी फोन ठेवून दिला. अजूनही वाटतं बरोबरच केलं.

मुळात आजाराचे आभार मानायचेच नसतात. ‘या आजाराने मला खूप शिकवलं’ हे वाक्य मी आजवर म्हटलेलं नाही आणि म्हणणारही नाही, मला शिकवायचंच होतं तर दुसरे शंभर मार्ग होते की, त्यासाठी पोराच्या मणक्यात सुई कशाला घालायला हवी.

अर्थाचं म्हणाल तर ‘आमच्याच घरी का’ हा प्रश्न मी खूप उगाळला. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, बहुतेक मुलांमध्ये ठोस कारण सापडतच नाही, आईबापाने काही केलं किंवा करायचं राहिलं म्हणून हा आजार होत नाही. म्हणजे त्या दिशेला उत्तरच नाहीये. मग हातात उरतं ते रोजचं काम. केमोमुळे काउंट्स (रक्तातल्या पेशींची संख्या) खाली असताना ताप ३८ च्या वर गेला की रात्रीचे किती वाजलेत न बघता हॉस्पिटल गाठायचं, कारण पांढऱ्या पेशी नसताना साधं इन्फेक्शनसुद्धा काही तासांत जिवावर येऊ शकतं. स्टेरॉईडच्या दिवसांत पोरगा सारखा भुकेला असायचा, चिडायचा, मध्यरात्री उठून खायला मागायचा आणि दिलं की तेच नको म्हणून रडायचा. अशा वेळी आयुष्याचा अर्थ काय वगैरे डोक्यात येत नाही, पण आपण इथे कशासाठी आहोत हे मात्र अगदी स्वच्छ कळत असतं. मला तेवढं पुरलं. तुम्हाला पुरेल की नाही सांगता येत नाही.

कृतज्ञता मात्र आली, उशिरा आली आणि मी शोधत नव्हतो तिथून आली. मुलाला प्लेटलेट्स चढवत होते. त्या साधारण पाच-सात दिवसच टिकतात, रक्तासारख्या महिनाभर ठेवता येत नाहीत, असं नर्सने सहज बोलताना सांगितलं. म्हणजे ती पिवळट पिशवी कुणीतरी याच आठवड्यात, कामातून वेळ काढून, हातात सुई टोचून घेऊन पडून दिलेली होती, आणि त्या माणसाला माझ्या पोराचं नावसुद्धा माहीत नाही, कधी कळणारही नाही. मला तिथे खुर्चीत बसल्या बसल्या रडू आलं. ‘आभारी राहा’ असं कुणी सांगून हे झालं नसतं.

मग मी वाचत सुटलो (जागरणं होतीच). १९४८ साली सिडनी फार्बर नावाच्या बॉस्टनच्या डॉक्टरांनी ल्युकेमियाच्या १६ मुलांना एक नवं औषध दिल्याचं छापलं, त्यातल्या १० मुलांना फरक पडला, पण तोही थोड्या काळापुरताच, आजार परत यायचा. त्या आधी तेवढंही नव्हतं. आज जिथे चांगले उपचार मिळतात तिथे एएलएलची दहापैकी साधारण नऊ मुलं वाचतात, ते त्या मुलांमुळे आणि नंतरच्या हजारो मुलांमुळे, ज्यांच्या आईबापांनी आपलं मूल वाचेल याची काही खात्री नसताना नव्या औषधाला हो म्हटलं. माझ्या मुलाला दिलेलं व्हिंक्रिस्टीन हे केमोचं औषध सदाफुलीच्या झाडातून आलंय, ते १९६३ पासून वापरात आहे, ते सुद्धा कुणाच्या तरी मुलाला पहिल्यांदा दिलंच असणार ना. त्या आईबापांचा विचार मी अजून करतो. देवाचे आभार मानणं मला जमलं नाही, यांचे मानता येतात.

आता तुमच्या मुलीचा आजार वेगळा असेल, आकडे वेगळे असतील, कदाचित इतके चांगले नसतील, म्हणून माझ्यावरून तुमचं जोखू नका. कृतज्ञता आली म्हणजे भीती जाते असंही नाही, माझ्याकडे दोन्ही एकाच दिवशी असायची, कधी कधी एकाच तासात. दुसरं मूल असेल तर त्याला न विचारताच सांगून टाका की हा आजार संसर्गाचा नाही (नसेल तर) आणि तुझ्यामुळे झालेला नाही. मुलं हे मनात धरून बसतात, बोलत नाहीत. आमची मोठी बसली होती, भांडणात भावाला ढकललं म्हणून झालं असं तिला वाटत होतं.

आणि एक, हे कुणी आधी सांगत नाही. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे आजाराचा त्रास कमी करणारी काळजी, म्हटलं की लोक दचकतात, आता संपलं असं वाटतं. पण लहान मुलांच्या बाबतीत जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याच अशी आहे की ही काळजी निदान झाल्यापासून सुरू होते आणि आजारावरचे उपचार चालू असले तरी चालते. दुखणं, उलट्या, झोप, मुलीची भीती आणि तुमचीसुद्धा, हे सगळं ते बघतात. आमच्याकडे व्हिंक्रिस्टीनमुळे पाय दुखायचे म्हणून त्यांच्याकडे गेलो आणि बायकोची झोपही तिथेच मार्गी लागली. तुमच्या डॉक्टरांना सरळ विचारा अशी टीम आहे का, नसेल तर हॉस्पिटलच्या सोशल वर्करला गाठा, त्यांना बहुतेक माहीत असतं कुणाकडे पाठवायचं.