उपग्रह आणि ड्रोनच्या काळातही एखादा मोठा अनोळखी प्राणी दुर्गम जंगलात लपून राहू शकतो का?

राहू शकतो. पण प्रश्नासोबत तुम्ही उदाहरण दिलेला यती, म्हणजे हिमालयातल्या दंतकथांमधला हिममानव, मात्र त्यात बसत नाही.

आधी उपग्रहाचं. दाट झाडोऱ्याखाली काय चाललंय ते त्याला दिसत नाही. मी बोरिवलीत राहतो. आमचं राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं, तीन बाजूंनी इमारती, आणि आत पन्नासच्या आसपास बिबटे. तरी रोज सकाळी तिथे चालायला येणाऱ्या बहुतेकांना आजवर एकही दिसलेला नाही. बिबट्यांची मोजदाद होते ती कॅमेरा ट्रॅपमुळे (प्राणी समोरून गेला की आपोआप फोटो काढणारा कॅमेरा), कारण प्रत्येकाच्या अंगावरचे ठिपके वेगळे असतात. पाड्यांवरच्या लोकांना मात्र बिबट्या कुठून येतो-जातो ते कॅमेऱ्याशिवायही ठाऊक असतं.

मोठे प्राणी 'सापडतात' ते बहुतेकदा अशाच माहीतगार माणसांमुळे. व्हिएतनाममधल्या वू क्वांगच्या जंगलात १९९२ साली साओलाचा शोध लागला तो शिकाऱ्यांच्या घरातल्या शिंगांवरून. गाईगुरांच्या कुळातलं ऐंशी-शंभर किलोचं जनावर, आणि तोवर विज्ञानाला त्याचा पत्ता नव्हता! आपल्याकडे अरुणाचलमधलं एक माकड २००५ मध्ये नवी जात म्हणून जाहीर झालं. ते पिकांची नासाडी करायचं, त्यामुळे तिथले शेतकरी त्याला चांगलंच ओळखून होते.

मग यतीच्या गोष्टीही स्थानिक लोकच सांगतात की, असं तुम्ही म्हणाल. बरोबर आहे, म्हणून तर त्या तपासल्या गेल्या. साओलाची शिंगं तपासल्यावर नवा प्राणी हाती आला. यतीचे म्हणून जपलेले केस, हाडं, कातडी अशा नऊ नमुन्यांच्या डीएनएचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला; आठ अस्वलांचे निघाले, एक कुत्र्याचा. शिवाय एकटादुकटा प्राणी पिढ्यान्‌पिढ्या टिकत नाही. वीण चालू राहायची तर पुरेसे नर-माद्या हव्यात, म्हणजे त्यांची विष्ठा, पिल्लं, मेलेल्यांची हाडं हेही आलंच. एवढं सगळं असून काहीच हाती लागत नाही, हे मला पटत नाही.

आता तर प्राणी न दिसताही त्याचा माग लागतो. २०१२ च्या एका अभ्यासात व्हिएतनामच्या जंगलातल्या जळवांनी प्यायलेल्या रक्तातून दुर्मीळ पट्टेदार सशाचा डीएनए मिळाला होता. (समुद्राची गोष्ट निराळी. साडेचार मीटरचा मेगामाउथ शार्क १९७६ मध्ये हवाईजवळ एका जहाजाच्या नांगरात अडकला, तेव्हा कुठे माहीत झाला.)

त्यामुळे व्हिएतनाम-लाओसच्या सीमेवरच्या अन्नामाइट डोंगरांत एखादं अनोळखी हरीण अजून असेल, यावर माझा सहज विश्वास बसतो. मला काळजी वाटते ती वेगळीच. त्या जंगलांत तारेचे फास इतके पसरलेत की त्यात सापडेल ते जनावर मरतं. साओलाचा फोटो कॅमेरा ट्रॅपमध्ये शेवटचा मिळाला तो २०१३ मध्ये, आणि मोकळ्या रानात तो आजवर एकाही जीवशास्त्रज्ञाला दिसलेला नाही.