समोरासमोर की एकाच संघात?

प्रश्न : आमच्या गृहनिर्माण संस्थेचा पुनर्विकास झाल्यापासून ‘अ’ विंगमध्ये आम्ही जुने सभासद आणि ‘ब’ विंगमध्ये सदनिका विकत घेऊन आलेली नवी कुटुंबे राहतात. वाहनतळाच्या जागावाटपावरून सुरू झालेली कुरबुर आता सर्वसाधारण सभेतल्या प्रत्येक विषयात शिरते. गच्चीवर सौरपॅनेल बसवण्याच्या ठरावाने दोन्ही विंगचे वीजबिल कमी झाले असते; पण ‘ब’ विंगमध्ये लिफ्ट दोन असल्याने तिची बचत अधिक होईल, एवढ्याच कारणावरून आमच्या बाजूने तो पाडला. माणसे एरवी सुशिक्षित आणि समंजस आहेत. येत्या गणेशोत्सवात दोन्ही विंगमध्ये क्रिकेटचा सामना आणि एकत्र भोजन ठेवले, तर हा दुरावा कमी होईल का? – एक सचिव, ठाणे

उत्तर : भोजन जरूर ठेवा, परंतु सामना ‘अ’ विरुद्ध ‘ब’ असा मुळीच ठेवू नका.

आधी सौरपॅनेलच्या ठरावाबद्दल लिहितो, कारण आपल्या पत्रातली सर्वांत बोलकी गोष्ट तीच आहे. स्वतःचा फायदा गमावूनही दुसऱ्याला अधिक मिळू न देण्याची ही वृत्ती हेन्री ताजफेल या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९७१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत स्पष्ट दिसली होती. इंग्लंडमधील ब्रिस्टल येथील चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांना पॉल क्ले आणि वासिली कांडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे अधिक आवडली, हे विचारून दोन गट केल्याचे सांगण्यात आले. प्रत्यक्षात ही विभागणी चिठ्ठ्या टाकून करावी तशी होती. आपल्या गटात कोण आहे हे मुलांना ठाऊक नव्हते, आणि त्यांनी वाटलेल्या पैशांतला एक पैसाही त्यांना स्वतःला मिळणार नव्हता. तरीही अनेक मुलांनी आपल्या गटाला जास्तीत जास्त रक्कम देणारा पर्याय सोडून, आपल्या आणि दुसऱ्या गटातले अंतर वाढवणारा पर्याय निवडला. मागे कोणतेही वैर नसताना केवळ विभागणीच्या जाणिवेने जर असे घडत असेल, तर वेगळे प्रवेशद्वार, वेगळी लिफ्ट आणि बहुधा वेगळा व्हॉट्सॲप गट असलेल्या आपल्या दोन विंगमध्ये ते घडले, याचा दोष सभासदांच्या स्वभावाला देता येत नाही.

आता आपल्या मूळ योजनेकडे वळू. सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शेरीफ यांनी १९५४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यातल्या रॉबर्स केव्ह उद्यानात सुमारे अकरा वर्षांच्या बावीस मुलांचे शिबिर भरवून त्यांचे दोन गट पाडले. बेसबॉल, रस्सीखेच अशा स्पर्धा आणि विजेत्या गटालाच बक्षिसे, एवढ्यावर काही दिवसांत परस्परांचे झेंडे जाळण्यापर्यंत आणि एकमेकांच्या खोल्यांवर धाडी घालण्यापर्यंत मजल गेली. त्यानंतर शेरीफ यांनी आपल्या पत्रात सुचवलेलाच उपाय करून पाहिला : दोन्ही गटांना एकत्र जेवायला बसवले, एकत्र चित्रपट दाखवला. त्याने काहीच साधले नाही. पंगतीतच उष्ट्याची फेकाफेक सुरू झाली. मुले बदलू लागली ती शिबिराचा पाणीपुरवठा बंद पडल्यावर सर्वांना मिळून बिघाड शोधावा लागला तेव्हा, आणि अन्न आणायला निघालेला ट्रक सुरू होईना म्हणून सर्वांनी मिळून तो दोराने ओढला तेव्हा. हा दोर पूर्वीच्या रस्सीखेचीचाच होता. पाणी आले त्या संध्याकाळी मुले पुन्हा भांडलीच, ही नोंद मला फार महत्त्वाची वाटते : एका कामाने गट विरघळत नाहीत, अशी कामे एकामागून एक यावी लागतात.

या प्रयोगात संशोधकांचा हस्तक्षेप बराच होता आणि मुलांना खरा हेतू माहीत नव्हता, त्यामुळे त्यावर झालेली टीका रास्त आहे. परंतु शेरीफ यांचाच १९५३ मधला फसलेला प्रयोग विचारात घेण्याजोगा आहे. त्या शिबिरात मुलांची आधी आपसांत मैत्री होऊ दिली होती आणि मग गट पाडले. कितीही डिवचले तरी ती मुले एकमेकांविरुद्ध उभी राहिली नाहीत, आणि शिबिर गुंडाळावे लागले.

क्रिकेटच्या बाबतीत तर थेट उत्तर उपलब्ध आहे. मॅट लो या अर्थशास्त्रज्ञाने उत्तर प्रदेशात वेगवेगळ्या जातींतील तरुणांच्या क्रिकेट स्पर्धा भरवल्या. काहींना मिश्र संघात, काहींना केवळ स्वजातीच्या संघात घातले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, एकाच संघातून खेळलेल्यांची इतर जातींतल्या तरुणांशी मैत्री वाढली आणि स्वजातीला झुकते माप देणे कमी झाले. प्रतिस्पर्धी म्हणून झालेल्या गाठीभेटींचा परिणाम बहुतांशी उलट झाला. मैदान, पंच, चेंडू सारे तेच होते. म्हणून आपणही दोन्ही विंगमधली नावे एकत्र करून चिठ्ठ्या काढा, आणि संघांना विंगची नावे देऊ नका.

आपल्या राज्यातले एक उदाहरण याहून कितीतरी गंभीर प्रसंगाचे आहे. १९७० आणि १९८४ च्या भीषण दंगली सोसलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ च्या सुमारास हिंदू आणि मुस्लिम रहिवाशांच्या मोहल्ला समित्या उभ्या केल्या. समित्यांच्या बैठका शांततेच्या काळातही होत आणि स्थानिक तंटे तिथेच मिटवले जात. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. राज्यशास्त्रज्ञ आशुतोष वार्ष्णेय यांनी भारतातील शहरांचा तौलनिक अभ्यास करून हेच दाखवले, की मोठ्या शहरांत नुसता शेजारधर्म आणि सणासुदीचे येणे-जाणे दंगलीच्या ताणाला पुरत नाही; दोन्ही समाजांचे सभासद असलेल्या संघटना असाव्या लागतात.

आपल्यासारख्या संस्थेत याचा अर्थ बराच साधा आहे. पाण्याचे टँकर, लिफ्टची देखभाल, उत्सवाचा हिशेब अशा प्रत्येक कामाच्या उपसमितीत दोन्ही विंगचे सभासद सारख्या संख्येने घ्या आणि जुन्यांना अध्यक्षपद, नव्यांना सतरंज्या उचलण्याचे काम, अशी वाटणी होऊ देऊ नका; समान दर्जा नसलेला सहवास उलट जखम करतो. वाहनतळाचा प्रश्न मात्र स्नेहभोजनावर सोडू नका. तो जागेच्या खऱ्या टंचाईचा आहे, त्यासाठी आळीपाळीचा लेखी नियमच करावा लागेल. आणि सौरपॅनेलचा ठराव पुन्हा मांडाल, तेव्हा विंगनिहाय बचतीच्या तक्त्याऐवजी प्रत्येक सदनिकेचे मासिक देखभाल शुल्क किती रुपयांनी उतरेल, तो आकडा सभासदांसमोर ठेवा.