वावरातले फोटो ऑनलाईन विकायचे म्हणतेस, तर हे वाच

बेटा,

कॅमेऱ्यासाठी पन्नास-साठ हजाराचं लोन काढू का म्हणून विचारलंस, त्याचं उत्तर पहिले देतो, बाकीचं मग. काढू नको. स्टॉक साइटवरचा, म्हणजे जिथं फोटो ऑनलाईन विकायला ठेवतात तिथला, पैसा येतो, पण असा थेंबाथेंबानं येतो का त्यावर हप्ता भरणं कोणालाच जमत नाही. तुझ्या हातातला फोन चालतो. ॲडोबी स्टॉक घे नाहीतर शटरस्टॉक घे, दोघांचीही अट कमीत कमी ४ मेगापिक्सेलची आहे आणि आजकालचा साधा फोनही त्याच्या कितीतरी वर असतो. फोनवर काम जमलं, थोडे पैसे सुटले, तर मग सेकंडहँड कॅमेऱ्याचं बघू.

हिशोब नीट समजून घे, कारण यूट्यूबवर कोणीच तो पूर्ण सांगत नाही. आपण फोटो विकत नाही, वापरायचं लायसन्स विकतो, म्हणून एकच फोटो कितीही जण घेऊ शकतात आणि तू तोच फोटो दोन-तीन साइटवर ठेवू शकतेस, फक्त एक्सक्लुझिव्ह, म्हणजे दुसरीकडे विकायचं नाही, असं लिहिलं असेल तिथं टिक करू नको. आधी हा धंदा मोठ्या एजन्सींचा होता, फोटो महाग असायचे. २००० साली आयस्टॉक आलं, २००३ साली शटरस्टॉक, त्यांनी दार सगळ्यांसाठी उघडलं, आणि त्याच दारातून भावही खाली गेले. आज ॲडोबी फोटोमागे ३३ टक्के देते. शटरस्टॉकनं जून २०२० पासून पायऱ्या केल्यात, वर्षभरात जेवढे डाउनलोड होतील तसं १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत, आणि दर १ जानेवारीला सगळे परत पहिल्या पायरीवर. तिथली सगळ्यात स्वस्त विक्री १० सेंटची असते, म्हणजे आठ-नऊ रुपये. ॲडोबीवर सबस्क्रिप्शनवाल्यानं फोटो घेतला तर साधारण ३३ सेंटपासून मिळतात, आणि पैसे काढायला खात्यात २५ डॉलर व्हावे लागतात. सगळ्या विक्र्या ३३ सेंटच्याच धरल्या तर ७६ डाउनलोड झाले पाहिजेत तेव्हा कुठं पहिला पैसा हातात. हे काही घाबरवायला सांगत नाही. मोबाइलचा रिचार्ज, कॉलेजची फी, हळूहळू यातून निघू शकते, पण शिवणकाम किंवा ट्यूशन सोडून यावर बसू नको, हे सोबत चालू दे.

आता काय काढायचं. वाघ नको. ताडोब्याला जगभरातून लोक लाखाच्या लेन्सा घेऊन येतात, तिथं तू फोन घेऊन काय करणार, आणि वाघाच्या फोटोंनी साइट भरून वाहतायत. सूर्यास्त नको, जास्वंदाचं फूल नको, ते सगळ्या दुनियेकडे आहे. तुझ्याकडे जे आहे ते मुंबई-पुण्याच्या फोटोग्राफरकडे नाही, आणि ते म्हणजे पऱ्हाटी म्हणजे कपाशी कधी टोबतात, कधी डवरतात, बोंड फुटलं का नाही हे तुला न विचारता माहीत आहे. शहरातला माणूस गाडी थांबवून धुऱ्यावरून कापसाचा एक फोटो काढतो आणि निघून जातो. तू जूनमधल्या टोबणीपासून सुरू कर. निंदण, खत, डवरणी, पात्या, फूल, हिरवं बोंड, फुटलेलं बोंड, वेचणीच्या आधीची सीतादहीची पूजा, पहिला वेचा, गाठोडं, घरात खोलीभर रचलेला कापूस, बंडीत नाहीतर पिकअपमध्ये भरणं, जिनिंगमधले ढीग, सरकी वेगळी रुई वेगळी, आणि शेवटी १७० किलोची बांधलेली गाठ. एका पिकाची अशी अख्खी साखळी एका माणसाच्या खात्यात मिळाली तर शेतीचं पुस्तक काढणारा, बियाण्याची कंपनी, कापडाचा ब्रँड, बाहेरदेशातलं मासिक, सगळ्यांचं काम एका जागी होते. तसंच तुरीचं, सोयाबीनच्या सोंगणीचं आणि गंजीचं. मामाच्या गावी वरूडकडे संत्र्याचे बगीचे आहेत म्हणालीस ना, तिथं आंबिया बहार आणि मृग बहार दोन्हीत जा, झाडावरचं फळ सगळेच काढतात, तू तोडणी, छाटणी, कॅरेट भरणं, ट्रक लागणं हे काढ.

रोगराई आणि किडीचे फोटो तर नक्की काढ. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीनं आपल्या इकडे काय केलं ते तुझ्या बाबांना विचार. बोंड फोडून आतली अळी, डागाळलेली रुई, लाल्या रोगानं लाल पडलेलं पान, असे साफ, फोकसमधले, जवळून काढलेले फोटो शेतीवर लिहिणाऱ्याला आणि शिकवणाऱ्याला लागतात, आणि ते चांगल्या लायटीत काढलेले कमीच दिसतात.

फवारणीचा फोटो काढताना मात्र एक ऐक. मास्क नाही, हातमोजे नाहीत, अशा अवस्थेत कोणाला पंप पाठीवर घेऊन उभं करू नको, फोटोसाठी तर अजिबात नाही. त्याच २०१७ ला यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं गेली आहेत. फोटो पाहिजे तर पंपात साधं पाणी भर, मास्क, चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायला लाव आणि मग काढ. सुरक्षिततेचं पोस्टर बनवणाऱ्याला असाच फोटो लागतो.

माणसांबद्दल जरा जास्त लिहितो, कारण मला यातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच वाटते. ज्या फोटोत चेहरा ओळखू येतो तो जाहिरातीसाठी विकायचा असेल तर त्या माणसाची सही घेतलेला मॉडेल रिलीज, म्हणजे परवानगीचा फॉर्म, लागतो, लहान पोट्ट्यांचा असेल तर आई-बापाची सही. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन सजलेली पोरं किती गोड दिसतात, पण सहीशिवाय ते फोटो जाहिरातीला जाणार नाहीत. फॉर्म इंग्रजीत असतो आणि वेचणीवाल्या काकूला तो वाचता येत नाही, म्हणून तू नुसती बोट दाखवून सही घेशील तर ती सही घेणं झालं नाही. तिला बसवून मराठीत सांग का काकू, हा फोटो कुठंही छापून येऊ शकतो, दुसऱ्या देशात पण, बँकेच्या जाहिरातीत, खताच्या पोत्यावर, आणि एकदा विकला गेला का मी तो परत आणू शकत नाही. एवढं ऐकून ती नाही म्हणाली तर हसत नमस्कार कर आणि तिचे हात काढ, गाठोडं काढ, पाठमोरी काढ, ते पण तिला विचारूनच. आणि लक्षात ठेव, वेचणीची मजुरी किलोवर असते. तू तिला दहा मिनिटं उभं ठेवलं, इकडे बघा तिकडे बघा केलं, तर तेवढा तिचा कापूस कमी भरतो आणि संध्याकाळी काट्यावर तिलाच कमी पैसे मिळतात. एकतर काम न थांबवता काढ, नाहीतर थांबवलं तेवढ्या वेळाचे पैसे तिथल्या तिथं दे, आपल्याला फोटोचे कधी मिळतील ते बघायचं नाही.

आणि कीवर्डमध्ये, म्हणजे फोटो शोधता यावा म्हणून सोबत टाकायच्या शब्दांत, गरिबी, कर्ज, दुःख, आत्महत्या हे शब्द कधीच टाकू नको. विदर्भ म्हटलं का लोक असेच फोटो शोधतात हे मला माहीत आहे, असा शब्द टाकला तर तुझा फोटो वर येईलही. पण तो फोटो आपल्या शेजारच्या काकाचा असतो ना बेटा. तो जिता-जागता माणूस सकाळी चहाच्या टपरीवर पेपर उघडतो आणि कास्तकाराच्या आत्महत्येच्या बातमीवर स्वतःचा चेहरा बघतो, असं होऊ शकते, आणि त्याच्या बायकोला ते गावात कोण कसं समजावणार. जे दिसते तेवढंच लिही, शेतकरी तुरीच्या शेंगा बघतोय, ठिकाण, महिना, संपलं.

ज्या फोटोंना सही नाही, कंपनीची नावं दिसतात, गर्दी आहे, ते शटरस्टॉकवर एडिटोरियलमध्ये जातात, म्हणजे बातमी-लेखासाठी. नागपूरची मारबतीची मिरवणूक, बैलबाजार, कापूस खरेदी केंद्रावरची लाइन, हे तिकडेच टाक. त्यात फोटोशी छेडछाड करायची नाही, तार पुसली, माणूस काढून टाकला असं चालत नाही, आणि कॅप्शन ठरलेल्या पद्धतीनं, आधी गाव-राज्य-देश, मग तारीख, मग काय चाललंय ते. जाहिरातीच्या फोटोत याच्या उलट, ट्रॅक्टरवरचं नाव, बियाण्याच्या पाकिटाचा लोगो, टोपीवर छापलेली कीटकनाशकाची कंपनी, सगळं फ्रेमच्या बाहेर ठेव. आपल्या इकडे निम्म्या टोप्या कंपनीच्याच असतात, तर एक साधा पांढरा दुपट्टा पिशवीत राहू दे.

फोनचं थोडक्यात. ब्युटी मोड बंद, कोपऱ्यात फोनचं नाव येते ते बंद, तारीख बंद, झूम करू नको, चालत जवळ जा. पोर्ट्रेट मोडमध्ये केसांच्या आणि पानांच्या कडा चुकीच्या पुसल्या जातात, तो पण नको. लेन्स ओढणीनं नाही, चष्म्याच्या कपड्यानं पूस. सकाळी नऊच्या आत काढ नाहीतर साडेचारनंतर, भर दुपारी उजेड इतका कडक होतो का कापसाचा पांढरा रंग नुसता जळून जातो, बोंडाचे धागेच दिसत नाहीत. प्रत्येक विषयाचा एक आडवा एक उभा काढ, आणि एखादा असा काढ का एका बाजूला मोकळं आभाळ किंवा माती राहील, जाहिरातवाल्याला अक्षरं टाकायला जागा लागते. आणि फोटो लॅपटॉपवर घेताना व्हॉट्सॲपवरून घेऊ नको, ते फोटो दाबून लहान करते, केबल लाव. अपलोडच्या आधी पूर्ण मोठा करून डोळे किंवा बोंड शार्प आहे का ते बघ. वीस सारखेच फोटो टाकू नको, त्यातला एक टाक, सारखे फोटो रिजेक्ट होतात आणि मन खट्टू होते. रिजेक्ट होतातच सुरुवातीला, कारण लिहिलेलं असते, ते वाच आणि पुढच्या खेपेला सुधार, त्यांना मेल करून भांडण्यात वेळ घालवू नको.

कीवर्डवर जास्त वेळ दे, फोटोवर देतेस तेवढाच. इंग्रजी लागते, पण अवघड इंग्रजी नाही लागत. ॲडोबीवर ४९ पर्यंत टाकता येतात पण पहिले दहा सगळ्यात महत्त्वाचे, म्हणून सगळ्यात नेमके शब्द पुढे. संत्र्याला नुसतं ऑरेंज लिहून थांबू नको, नागपुरी संत्रा मँडरिन जातीचा आहे, सिट्रस रेटिक्युलाटा, तर मँडरिन पण टाक आणि शास्त्रीय नाव पण टाक. कपाशीला गॉसिपियम हिरसुटम, तुरीला पिजन पी आणि कजानस कजान. शेतीच्या कंपन्या आणि पुस्तकवाले अशीच नावं टाकून शोधतात, आणि घाईतले फोटोग्राफर ती लिहीत नाहीत. स्पेलिंग प्रत्येक वेळी तपास. फोटोत नाही ते लिहू नको, बैल नसेल तर बैल नको. सणाचे फोटो यावर्षी काढले तर पुढच्या वर्षी पोळ्याच्या दोन-तीन महिने आधी साइटवर असू दे, घेणारे आधीच शोधायला लागतात.

एआयनं फोटो बनवून टाकू का असंही विचारलंस. ॲडोबी डिसेंबर २०२२ पासून तसे फोटो लेबल लावून घेते, शटरस्टॉक आपल्यासारख्यांकडून घेत नाही. माझं मत विचारशील तर तू त्यात पडू नको. असे फोटो कोणीही कुठंही बसून हजारोंनी बनवतो, तिथं तुझ्या गावात राहण्याचा काहीच फायदा नाही. जिथं खरं ठिकाण, खरी तारीख, खरं पीक लागते तिथं मशीनचा फोटो चालत नाही, आणि तिथंच तुझी जागा आहे. एक मात्र माहीत असू दे, आपण टाकलेले फोटो या कंपन्या एआय शिकवायला वापरतात, ॲडोबीचं फायरफ्लाय नावाचं चित्रं बनवणारं एआय २०२३ ला आलं ते मुख्यतः त्यांच्या स्टॉकवर शिकलेलं. शटरस्टॉकमध्ये सेटिंगमधून नाही म्हणता येते, ते काय करायचं ते तू ठरव.

कागदपत्रं. खातं तुझ्याच नावानं उघड, अठरा पूर्ण आहेत तुला. पॅन कार्ड, बँक पासबुक आणि साइटवरचं नाव तिन्हीकडे एकच स्पेलिंग पाहिजे, नाहीतर पैसे येताना अडकतात. कंपन्या अमेरिकेच्या आहेत म्हणून डब्ल्यू-८बेन नावाचा फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो, त्यात पॅन नंबर टाक आणि भारत-अमेरिकेचा टॅक्सचा करार निवड, मग तिथल्या विक्रीवर ३० ऐवजी १५ टक्के टॅक्स कापतात. पैसे पेपाल नाहीतर पेओनियरवर येतात आणि तिथून बँकेत. कमाई किती का छोटी असेना, बाबांचं रिटर्न भरतात त्या सीए साहेबांना सांगून ठेव. आणि कोणी म्हणालं का पाच हजाराचा कोर्स करा, आम्ही तुमचं खातं चालवून देतो, पासवर्ड द्या, तर त्याचा नंबर ब्लॉक कर.

या आठवड्यात एवढंच कर, तुमच्या वावरातल्या तुरीचे फोटो काढ, त्यातले चांगले दहा निवड, प्रत्येकाखाली मराठीत काय आहे ते एक ओळ लिही आणि ड्राइव्हवर टाकून मला लिंक पाठव. इंग्रजी कीवर्ड आपण रविवारी फोनवर सोबत बसून टाकू. आईला नमस्कार सांग.

तुझा काका