कीटकशास्त्र शिकलेलं नसताना जंगलातल्या चतुर आणि पतंगांच्या सर्वेक्षणाला जाता येतं का? तिथे नेमकं काय काम असतं?

येतं की. पदवी कोणी विचारत नाही. एका जागी न कंटाळता बसता आलं पाहिजे आणि लिहायचा आळस नको. मी आंबोली-तिळारीकडे जातो, तिथलंच सांगतो.

चतुरांचं काम उन्हाचं. ऊन तापलं की ओढ्याकाठाने ठरलेलं अंतर सावकाश चालायचं. चतुर पंख पसरून बसतो, टाचण्या (चतुराचे सडपातळ भाऊबंद) बहुतेक मिटून. नुसता वरून काढलेला फोटो पुरत नाही. छातीच्या बाजूचे पट्टे आणि शेपटाचं टोक दिसलं नाही तर जाणकारही हात टेकतात. चतुराची पिल्लं पाण्यात वाढतात आणि बाहेर येऊन कात टाकतात; दगडांना, गवताला चिकटलेल्या त्या काती जरूर शोधा. उडता चतुर कुठूनही आलेला असू शकतो. कात सापडली म्हणजे तो त्याच पाण्यात वाढला.

पतंगांसाठी अमावस्येच्या आसपासची, वारा पडलेली दमट रात्र निवडतात. दोरीवर पांढरी चादर, समोर पाऱ्याचा किंवा अतिनील दिवा. ॲटलास हा भलामोठा पतंग आला की सगळे कॅमेरे तिकडे वळतात. वळू देत. यादी खरी भरते ती नखाएवढ्या तपकिरी पतंगांनी, आणि त्यातल्या कित्येकांची जात विच्छेदनाशिवाय ठरत नाही. तिथे कुळापर्यंत लिहून थांबावं. ओढूनताणून नाव दिलं तर यादी बिघडते. पहाट व्हायच्या आत दिवा बंद करून चादर हलकेच झटकायची, नाहीतर बुलबुल आणि कोतवाल आयता नाश्ता करतात.

नव्या जातीच्या मागे लागणारे मला फारसे पटत नाहीत. पावसाळा सरताना मैदानावर थव्याने घिरट्या घालणारा पिवळसर चतुर 'नेहमीचाच' म्हणून कोणी नोंदवत नाही. तोच हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो असं अभ्यासक मानतात! नेहमीचे किती, कुठे, किती वाजता हे दरवर्षी त्याच जागी लिहिलं, तरच काय घटलं ते कळतं.

पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. दिव्यावर काळा-नारिंगी बारीक ॲसिड किडाही येतो. अंगावर बसला तर चिरडू नका, फुंकर मारा, नाहीतर कातडीवर फोड येतात. रात्री टॉर्चशिवाय फांदीला हात लावू नका, हिरवा चापडा हा विषारी साप तिथे असू शकतो. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय असं काम करता येत नाही, म्हणून आधीपासून काम करणाऱ्या गटाबरोबर जा. तोवर गच्चीत चादर लावून बघा. जुलैच्या शेवटी पतंग सप्ताह असतो, त्यात घरच्या नोंदीही चालतात.