सर्वाधिक विमाने पाडणारा जर्मन वैमानिक एरिख हार्टमान याची कारकीर्द कशी होती?

एरिख हार्टमान याच्या नावावर 352 हवाई विजय नोंदले गेले असून हा विक्रम आजही अबाधित आहे. मात्र त्यांतील जवळजवळ सर्व विजय दुसऱ्या महायुद्धातील पूर्व आघाडीवर सोव्हिएत विमानांविरुद्धचे होते आणि नेमक्या आकड्याविषयी काही अभ्यासकांनी शंका घेतली आहे.

1922 साली जन्मलेल्या हार्टमानला ग्लायडर चालवण्याचे प्राथमिक धडे वैमानिक असलेल्या आईकडून मिळाले. ऑक्टोबर 1942 मध्ये तो 52 व्या लढाऊ विमानदलात रुजू झाला, पण आरंभीच्या काही महिन्यांत त्याला फारसे यश लाभले नाही. पुढे त्याने स्वतःची पद्धत बसवली: शत्रूला आधी हेरायचे, परिस्थिती अनुकूल आहे का हे ठरवायचे, अगदी जवळ जाऊन गोळीबार करायचा आणि लगेच निसटायचे. गिरक्या घेत रंगणारी झुंज तो शक्यतो टाळत असे, आणि माझ्या मते त्याच्या यशाचे खरे कारण नेमबाजीपेक्षा हा संयमच होता. ऑगस्ट 1943 मध्ये तो सोव्हिएत सैनिकांच्या हाती सापडला, परंतु जखमी असल्याचे सोंग करून निसटला.

मे 1945 मध्ये त्याने अमेरिकन सैन्यापुढे शरणागती पत्करली. अमेरिकनांनी त्याला सोव्हिएत संघाच्या स्वाधीन केले. तेथे युद्धगुन्ह्यांच्या आरोपांखाली शिक्षा होऊन तो 1955 पर्यंत कैदेत राहिला. (1997 मध्ये रशियाने त्याला मरणोत्तर निर्दोष ठरवले.) परतल्यावर तो पश्चिम जर्मनीच्या हवाई दलात दाखल झाला, परंतु एफ-104 स्टारफायटर या विमानाला उघड विरोध केल्याने वरिष्ठांशी त्याचे बिनसले आणि 1970 मध्ये तो मुदतीपूर्वीच निवृत्त झाला.